नंदाचा डबा

माझं माहेर शिरपूरकडचं, तापीकाठचं, अन् सासर अमळनेर तालुक्यातलं, पण खरं विचाराल ताई तर मी आता सुरतचीच. लग्न झालं, अंगाची हळद उतरली नाही तोवर आमच्या ह्यांनी मला उधन्याच्या स्टेशनात आणून उतरवलं, तेव्हापासून इथंच. हे लूमवर कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, अन् मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची. आता गोडादऱ्यात हे आमचं स्वतःचं घर दिसतंय ना, तेव्हा लिंबायतीकडं भाड्याची एक खोली व्हती, अन् भिंतीच्या पल्याड लूमचा कारखाना, दिवसरात खटाखटा खटाखटा. गावचे पाहुणे यायचे ते म्हणायचे, माय वं, इथं झोपतेस तरी कशी? मी म्हणायची, लूम बंद पडलं की जाग येते बघा. आमाला बोलायचं तर त्या लूमच्या वर आवाज काढून बोलावं लागायचं, ती सवय गेलीच नाही, म्हणून तुमाला वाटलं आसंल की बाई भांडूनच राहिली. भांडत नाही मी, माझा बोलायचा आवाजच आसा आहे.

नंदा माझी एकुलती एक. तिच्या पाठीवर काही झालं नाही, देवाची मर्जी. झाली तेव्हा चांगली गुबगुबीत व्हती, अंगावर प्यायची, हसायची. वरचं खायची वेळ आली तिथून सुरू झालं सगळं. उष्टावणाला खीर केली, वाटीभर बदाम-वेलची घातली, मामानं मांडीवर घेऊन चमचा तोंडाशी नेला तर ही जी किंचाळली, जी किंचाळली, जसा कोणी चटकाच दिला. लोक हसले. म्हणे, खीर नाही आवडत, तिखट खाणारी खान्देशी पोर आहे. मी पण हसले. मंग वरणभात दिला, नाही. खिचडी दिली, नाही. केळं दिलं तर त्याच्या वासानंच ओकली. भाकरी दुधात कुस्करून दिली तर वाटी अशी भिरकावली की शेजारणीच्या दारात जाऊन पडली.

अन् बोलायची नाही. हाक मारली तर बघायची नाही. आधी वाटलं कान नाहीत, पण कसले कान नाहीत, रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी तिला आमच्या आधी ऐकू यायची. डॉक्टरकडं नेली, ते गुजराती डॉक्टर, म्हणाले, बेन, छोकरी जिद्दी छे, भूख लागशे एटले खाशे. गावाकडून सासू आली, ती पण तेच म्हणाली, भूक लागनी म्हंजे आपोआप खाई. शेजारपाजार, नात्यागोत्यातले, ज्याला त्याला ठाऊक, भूक लागली की खाईल. अहो, नाही खायची ना! सगळ्यांचं ऐकून ह्यांनी एकदा सकाळपासून दिलंच नाही काही, म्हणाले बघू कशी खात नाही. संध्याकाळी पोर डोळे वर फिरवायला लागली, पण वरणभाताला हात लावला नाही तिनं. भूक लागली की खाईल हे ज्याच्या पोराला भूक लागते त्यानं सांगावं. ज्याचं जळतं त्याला कळतं ताई.

मंग खायची काय? तर बटर. बटर म्हंजे लोणी नव्हे हां, इथं सुरतेत बटर म्हणतात ते कडक बिस्किट, गोल, चहात बुडवून खातात बघा. ही कोरडंच खायची. ते बी एकाच बेकरीचं, आमच्या नाक्यावरच्या चाचाचं. दुसऱ्या बेकरीचं आणलं तर तसंच्या तसं परत. अन् खायची तऱ्हा काय सांगू तुम्हाला, आधी बटर उचलायचं, लोखंडी पलंगाच्या पायावर ठोकायचं, टक टक, मंग कानाशी न्यायचं, जरा वेळ तसंच धरायचं, जसं त्याच्या आत कोणी बोलून राहिलंय, अन् मंगच दाताखाली. फुटकं नको. नरम पडलेलं नको. पोळीशेजारी ठेवलेलं नको, पोळी लागली म्हंजे ते बाटलं. आधी मुरमुरे पण खायची, पण एकदा दुकानवाल्यानं दुसऱ्या गोणीतले दिले, हळद लावलेले, तर मुरमुरे कायमचे सुटले. साखर-भात खायची थोडा, तर एक दिवस भातात खडा लागला, भात पण सुटला. एकदा सुटलं ते सुटलं. तिचं खाणं वाढायचं नाही, कमीच व्हायचं. शेवटी राहिलं काय, तर चाचाचं बटर अन् स्टीलच्या त्या एका पेल्यातलं दूध. मी रोज देवाला म्हणायची, बाबा, ह्या दोन गोष्टी तरी ठेव.

चाचा चांगला माणूस. मी गेली की ओळखायचा, म्हणायचा, बच्ची के लिए? अन् भट्टीतून आलेल्या पत्र्यातनं एकेक उचलून ठोकून ठोकून बघायचा, अख्खे तेवढे बाजूला काढायचा. बाकीचे गिऱ्हाईक खोळंबून राहायचे तर त्यांच्यावर खेकसायचा.

अन् मंग तो प्लेग आला.

तुमी लहान आसाल तेव्हा. त्या साली पावसाळ्यात पाणी भरलं व्हतं, घाण साचलेली, गणपती बसले, गणपती गेले, अन् एक दिवस बातमी आली की माणसं मरून राहिली. तापानं मरतात, खोकल्यातून रक्त येतं, एकाचं दुसऱ्याला लागतं. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. कोणी म्हणे तिकडं वेडरोडच्या वस्तीत मेले, कोणी म्हणे दवाखान्यात ठेवायला जागा नाही. अन् संध्याकाळी आमच्या भिंतीपल्याडचं लूम बंद पडलं. ताई, एवढी वर्षं तो आवाज, तो थांबला तर कानात नुसतं गरगरायला लागलं. नंदा तर खोलीच्या मधोमध उभी राहून डोकं हलवायला लागली, थांबेचना. ह्यांनी येऊन सांगितलं, शेठनं कुलूप घातलं, सगळे गावी चालले, आपण पण चला.

मी म्हणलं, जाऊ, पण बटर? हे चिडले, म्हणाले, इथं जीव वाचवायची पडलीय अन् तुला बटर सुचतंय! मी म्हणलं, तुमचा जीव गावी वाचंल, माझ्या पोरीचा कशानं वाचंल ते सांगा. मी तोंडाला पदर बांधून बेकरीवर पळत गेली. चाचा शटर अर्धं ओढून आतलं आवरत व्हता. मी काही बोलायच्या आधीच त्यानं उरलेलं सगळं बटर पत्र्यावर ओतलं, अन् त्या घाईत सुद्धा, बाहेर माणसं बोचकी घेऊन पळून राहिलेली, तो एकेक ठोकून बघत व्हता. माझा तेलाचा मोठा पत्र्याचा डबा, धुऊन पुसून ठेवलेला, तो गच्च भरला. वर झाकण दाबून बसवलं, त्याला फडकं बांधलं. चाचा म्हणाला, बेटी, हवा मत लगने देना.

उधन्याला गाडीत शिरलो ते कसे शिरलो ते आता आठवत नाही, पण डबा माझ्या पोटाशी व्हता एवढं आठवतं. ह्यांच्या खांद्यावर नंदा, माझ्या पोटाशी डबा. कपड्यांचं बोचकं स्टेशनातच राहिलं, राहू दे म्हणलं. नंदा गर्दीनं घाबरून स्वतःच्या हाताला चावायला लागली, बाजूचे लोक म्हणे, आजारी आहे का पोर? ताप आहे का? उतरवा खाली. मी आसा आवाज चढवला, आसा चढवला, म्हणलं, पोरीच्या कपाळाला हात लावून बघा अन् मंग तोंड उघडा! कोण हात लावतो? सगळे मागं सरकले, आमाला बसायला जागा झाली. शेजारी एक बाई, तिच्या कडेवर लेकरू भुकेनं रडून राहिलं, तिनं विचारलं, बहिणी, डब्यात काही खायचं आहे का? काय करता मंग? दिलं एक. माणूस आहे मी. पण ते लेकरू बटर चोखून चोखून खाऊन राहिलेलं अन् माझी नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती.

गावी पोचलो तर गावात घेईनात. वेशीपाशीच चारपाच माणसं उभी, ओळखीची, ह्यांच्या बरोबर शाळेत गेलेली, म्हणाली, सुरतहून आलेत, आधी काही दिवस बाहेर राहा. आमच्या सासऱ्यांचं खळं गावाबाहेर, तिथं कडब्याची खोपटी, त्यात राहिलो. दुसरं कोणी फिरकलं नाही, पण सासू आली. सगळं गाव नको म्हणत आसताना डोक्यावर पीठमीठ घेऊन, दोन गोधड्या घेऊन, म्हातारी खळ्यात आली अन् आमच्यातच राहिली. लोकांना म्हणाली, मना आंडोर से, म्हंजे माझा मुलगा आहे, मनी नात से, त्या काय परका सेत, मी मरसू त्यासनासंगे मरसू. मला त्या दिवशी म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. हे मी मुद्दाम सांगते, पुढचं ऐकताना तुमी तिला वाईट म्हणू नये म्हणून.

तिनं नंदाला बघितलं, हाडाचा सापळा, नुसतं बटर ठोकून कानाला लावून राहिलेली, तर तिच्या काळजाचं पाणी झालं. म्हणाली, हाई पोरले काहीतरी बाहेरनं लागेल से. आमच्या बाजूला एक भगत व्हता, अंगारा द्यायचा, लांबून लोक यायचे त्याच्याकडं. म्हातारी उन्हात चालत गेली अन् चालत आली, पदराच्या गाठीला अंगाऱ्याची पुडी बांधून. भगतानं सांगितलेलं, रोज पोरीच्या पोटात गेला पाहिजे, चिमूट चिमूट. आता पोर तर दूध अन् बटराशिवाय काही घेत नाही. दुधात टाकला तर दूध काळं दिसंल, ती बघंल. मंग म्हातारीनं काय केलं, मी विहिरीवर पाण्याला गेली तेव्हा डब्याचं फडकं सोडलं, झाकण काढलं, अन् अख्खी पुडी डब्यात ओतून डबा चांगला खुळखुळ खुळखुळ हलवला. म्हंजे रोज खाईल, रोज पोटात जाईल, देव रोज बरा करील. एवढं सोपं.

मी पाणी घेऊन आली तर नंदा डब्यापाशी बसलेली. तिनं एक बटर काढलं, ठोकलं. कानाशी नेलं. मंग नाकाशी नेलं. नाकाशी ती कधी न्यायची नाही. अन् खाली ठेवलं. दुसरं काढलं, खाली ठेवलं. तिसरं. माझ्या डोक्यावर हंडा तसाच, मी खोपटीच्या दारात उभी. डबा ओढून घेतला, बघते तर सगळ्या बटरांवर करडी राख. मी विचारलं, हे काय? म्हातारी आनंदानं सांगायला लागली, देवाचा अंगारा आहे, आता बरी व्हईल.

काय सांगू ताई तुम्हाला. मी हंडा तिथंच आपटला. मी लूमच्या वर आवाज काढणारी बाई, माझं बोलणं गावापर्यंत गेलं आसंल. म्हणलं, तुमी माझ्या पोरीच्या तोंडातला शेवटचा घास काढला! मारून टाकलं तुमी तिला! म्हातारीला काही कळेना, ती म्हणे, देवनं से व माय, देवनं से. मी सगळी बटरं गोधडीवर काढली, पदरानं एकेक पुसलं, फुंकलं, लुगड्याच्या मऊ चिंधीनं झाडलं. नंदासमोर ठेवलं. तिनं बघितलं सुद्धा नाही. पलटून भिंतीकडं तोंड करून बसली. सुटलं. बटर सुटलं ते मला तेव्हाच कळलं.

अन् पेला राहिला व्हता स्टेशनातल्या बोचक्यात, म्हंजे दूध पण गावी आल्यापासून ती घोटभरच घ्यायची, नंतर तेवढं पण बंद. नुसतं पाणी, ते पण ओंजळीतलं. हे अमळनेरला गेले, तिथल्या बेकरीतनं टोस आणले, खारी आणली, तिथलं बटर आणलं. नाही. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, लाह्या, नाही. मी भाकरीचा पापुद्रा कडक भाजून दिला, नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं सुरत म्हणल्याबरोबर दारातूनच विचारपूस केली, तरी त्याच्या कंपाउंडरला दया आली, त्यानं बाहेर झाडाखाली सलाईन लावलं, नंदानं ते उपटून फेकलं. डॉक्टर म्हणाला, धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्या, नाकातून नळी घालतील. म्हणलं, जिला कपाळावर टिकली लावलेली सहन व्हत नाही तिच्या नाकात नळी? हात बांधावे लागतील तिचे, म्हणाला. मी तिला उचलून परत आणली.

त्याच दिवशी हे म्हणाले, मी सुरतला जातो. सगळं जग सुरतेतनं पळून राहिलेलं अन् हे सुरतला जायला निघाले. चाचाचं बटर आणतो, नवं, राख न लागलेलं, ते खाईल. मी म्हणलं, बेकरी बंद असंल. म्हणाले, चाचाला शोधीन. मी म्हणलं, तुमाला काही झालं तर? त्यांनी रुमाल बांधला अन् गेले. मी त्यांना अडवलं नाही ताई. नवरा प्लेगात चाललाय अन् मी अडवलं नाही, कारण पोरीचे ओठ फुटले व्हते, अन् ती आता काही ठोकत नव्हती. हाताशी डब्याचं झाकण ठेवलं, चमचा ठेवला, ठोक गं माझे माय, काहीतरी ठोक. नाही. नुसती गोधडीवर पडलेली, डोळे उघडे.

त्या दिवसांत मी सासूशी शब्द बोलत नव्हते. ती चुलीपाशी, मी पोरीपाशी. ती पण जेवत नव्हती. मी खाल्लं नाही म्हणून तिनं खाल्लं नाही, पोरीनं खाल्लं नाही म्हणून मी खाल्लं नाही, खोपटीत तिघी बायका तिघी उपाशी. एकदाच बोलले, म्हणलं, तुमी तरी खा, तुमाला काय झालंय न खायला. टोचूनच बोलले. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. पण भुकेनं तिला पण घेरी यायला लागली आसंल, म्हाताऱ्या माणसाला किती उपास निभणार. दुपारची वेळ, तिनं तिच्या पिशवीतनं बिबडा काढला.

तुमी खान्देशातल्या नाही म्हणून सांगते. बिबडे म्हंजे आमचे ज्वारीचे पापड, उन्हाळ्यात करतात, मोठे मोठे गोल. आमच्यात तीळ, लसूण, लाल मिरची घालून करतात, पण म्हातारीचं तोंड सदा आलेलं, तिखट लागलं की डोळ्यात पाणी, म्हणून ती स्वतःपुरते वेगळे करायची, बिनतिखटाचे, बिनतिळाचे, नुसतं मीठ. पांढरे फटक. तसला एक तिनं निखाऱ्यावर भाजला. अन् भाजल्यावर त्याला राख लागते ना, ती झाडायला तिनं बिबडा चुलीच्या दगडावर हळूच ठोकला.

टक टक.

नंदानं मान उचलली.

मी बघितलं. म्हातारीनं बघितलं नाही, ती आमच्याकडं पाठ करून बसलेली, रुसलेली, तिला कोणाकडं बघायचंच नव्हतं. तिनं बिबडा मोडला, कर्रकन आवाज झाला, अन् खायला लागली. नंदा उठून बसली. गोधडीवरनं सरकत सरकत चुलीकडं निघाली. उभं राहायची ताकद नव्हती तिच्यात. म्हातारीनं दुसरा भाजला, ठोकला, टक टक, तेवढ्यात तिच्या मांडीपाशी हे एवढुसं बोट आलं. म्हातारी वळली, तिचं तोंड उघडलं, आता बोलणार, खाय माय खाय म्हणणार, अन् ती बोलली असती तर नंदा तिथनंच परत फिरली असती, मला ठाऊक होतं. मी लांबूनच माझ्या तोंडावर हात ठेवला. गप. जन्मात पहिल्यांदा मी कोणाला न ओरडता गप केलं आसंल. म्हातारीला कळलं. तिनं मान परत चुलीकडं केली अन् तो अख्खा बिबडा दगडावर ठेवून दिला, जसा तिच्यासाठी नाहीच.

नंदानं तो दोन्ही हातांनी उचलला. तिच्या तोंडापेक्षा मोठा. दगडावर ठोकला. कानाशी नेला. ताई, बाहेर एक कावळा ओरडून राहिला तर मला त्याला दगड मारावासा वाटला. कानाशीच धरून बसली, धरूनच बसली. मला वाटलं आता नाकाशी नेते. नाही नेला. कडेला दात लावला. कर्र.

मी रडले नाही. मला भीती, रडायच्या आवाजानं थांबली तर? म्हातारी तिसरा भाजून राहिली अन् तिच्या डोळ्यातलं पाणी निखाऱ्यावर पडून चर्र व्हत व्हतं. आमाला दोघींना एकमेकींकडं बघायची हिंमत नाही. नंदानं अर्धा खाल्ला, मंग ओंजळ पुढं केली, पाणी प्यायली, मंग उरलेला खाल्ला. संध्याकाळी म्हातारी माझ्याजवळ सरकली, म्हणाली, मी चांगलं कराले गयी व माय, वंगाळ व्हई गयं. मी म्हणलं, आत्याबाई, पिशवीत अजून किती आहेत? तिनं पिशवी माझ्या मांडीवर उलटी केली. झालं आमचं भांडण.

हे दोन दिवसांनी आले, रिकाम्या हातानं, दाढी वाढलेली. बेकरीला कुलूप, चाचा त्याच्या गावी निघून गेलेला, कुठलं गाव कोणाला ठाऊक नाही. खळ्याच्या तोंडाशी आले अन् पुढं येईनात, म्हणाले, मी परत सुरतची हवा खाऊन आलोय, मी लांबच राहतो. खरं म्हंजे आत काय दिसंल ह्याची भीती त्यांना. मी आतनं ओरडले, कान द्या जरा! अन् आतनं आवाज आला, टक टक. हे तिथंच मातीत बसले अन् लहान पोरासारखे हमसून हमसून रडले.

प्लेग गेला, लूम चालू झालं, आमी परत आलो. तिकडं गावी म्हातारीनं दर उन्हाळ्यात नंदाचे बिबडे वेगळे केले. मी एकदा हिकडं गच्चीवर वाळत घातले तर लूमचा रुवा उडून त्यांच्यावर बसला, नंदानं एक पण खाल्ला नाही, तेव्हापासून ते गावीच व्हतात अन् भुसावळकडच्या गाडीनं कोणाच्या ना कोणाच्या हाती येतात. पुढं इथल्या शाळेतल्या एका बेननी, शिकवणाऱ्या बाईंनी, सांगितलं ह्याला ऑटिझम म्हणतात, मुलाचं मन वेगळं चालतं, कोणाचा दोष नाही, नजर नाही, काही नाही. मी म्हणलं, बेन, हे मला तेव्हा कोणी सांगितलं आसतं तर! पण सांगणार कोण, डॉक्टरला ठाऊक नव्हतं. खायचं कसं वाढवायचं ते मात्र मला म्हातारीच्या पाठमोऱ्या बसण्यानं शिकवलं. नवीन काही आसलं की मी ते आपलं आपण खाते, तिच्याकडं पाठ करून, जवळ ठेवून देते, अन् देवाचं नाव घेत बसते. कधी महिने जातात. आसं करत करत कुरडई आली, भाजलेला पोहा आला, कडक भाकरीचा काठ आला, अन् मागच्या साली तर काकडी! ओली वस्तू, पण कर्र वाजते ना.

सासू गेली. ह्यांचे कान लूमनं गेले, आता जवळ येऊन ओरडलं तरी अर्धंच पोचतं. पण नंदा अजून बिबडा ठोकते अन् आधी ह्यांच्या कानाशी धरते. कोणी शिकवलं नाही तिला. हे मान डोलावतात, हो, चांगला आहे. त्यांना काही ऐकू आलेलं नसतं. मंग ती खाते.

तुमी विचारलं ना, बोलायला कशी तयार झाली मी? मला नाव छापून नको अन् फोटो नको. मला फक्त हे लिहून पाहिजे. आमी काही जन्माला पुरणार नाही, तिचा चुलतभाऊ चांगला आहे, त्याची बायको चांगली आहे, तिनं हे वाचावं. लिहा. पांढरी ज्वारी, मिरची नाही, लसूण नाही, तीळ नाही. थापताना अख्खा गोल, कड फाटू द्यायची नाही. वाळवायचे गावी. भाजल्यावर दगडावर ठोकून राख झाडायची, फुंकायची नाही. समोर ठेवून पाठ करून बसायचं, खा म्हणायचं नाही. अन् तिच्या डब्यात काही टाकायचं नाही. औषध नाही, साखर नाही, तूप नाही. कितीही माया आली तरी नाही. देवाचं आसलं तरी नाही.

लिहिलं? हां. आता चहा घ्या, निवला बघा.